सुतापेक्षा आखूड पिंपळ

ते पत्रक मीच लिहिलं होतं. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढं वाटायचं की मी बाजूला उभी राहून नाक मुरडतेय. ‘प्रत्येक आठवणीला एक बोधिवृक्ष’ हे शीर्षक माझं, निळी शाई माझी निवड, आणि तळाशी छापलेला मोबाईल नंबरही माझाच.

पत्रकं लिहायला मी चळवळीत शिकले. पहिलं वाक्य टोचलं पाहिजे, दुसऱ्यात मागणी आली पाहिजे, आणि वाचणाऱ्याला शंका काढायला जागा ठेवायची नाही. शाळा बंद करू नका, नळाला पाणी सोडा, ठेकेदारी हटवा, असल्या पत्रकांना ही पद्धत चालते. झाडाला चालत नाही. माती किती खोल आहे, पाणी कोण घालणार, उन्हाळ्यात काय, हे कुणीतरी विचारावं लागतं. मी विचारलं नाही. मी ती जागा तेव्हा नीट पाहिलीही नव्हती.

जागा म्हणजे आमचा विहार. सोलापूरहून होटगी मागं टाकून दक्षिणेला गेलं की उघडा माळ लागतो. त्या माळावर एक सभागृह, भिक्खूंना राहायच्या चार खोल्या, पांढरा घुमट आणि भोवती तारेचं कुंपण. शहरातल्या वस्त्यांमधून, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधून लोक पौर्णिमेला येतात. आमच्यात माणूस गेलं की पुण्यानुमोदनाचा विधी होतो. भन्ते परित्राण पाठ म्हणतात. एक लांब पांढरं सूत सगळ्या नातेवाइकांच्या हातांतून फिरवलेलं असतं, पाठ संपला की त्याचेच तुकडे मनगटाला बांधतात. विहाराच्या समितीनं याला एक जोड दिली. विधी झाला की घरच्यांनी विहाराच्या जागेत एक पिंपळ लावायचा. भोवती लोखंडी पिंजरा, पिंजऱ्याला पाटी, पाटीवर गेलेल्या माणसाचं नाव. कल्पना वाईट होती असं मी अजूनही म्हणत नाही.

त्या पत्रकानंतर दोनेक वर्षांनी, थंडी सरता सरता, समितीच्या सचिवांचा मला फोन आला. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, जुळे सोलापुरात राहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. म्हणाले, “मुलांना विहाराचा परिसर दाखवायचाय. उघड्यावरचं शिक्षण. आजकाल सगळीकडं चाललंय. तुम्ही तरुण मंडळींनी हे करायचं. मुलांच्या कृतिपत्रिका माघ पौर्णिमेला सभागृहात लावू.”

महापालिकेच्या एका शाळेचा सातवीचा वर्ग ठरला. कृतिपत्रिका काकांनी कुठूनतरी डाउनलोड करून छापून ठेवली होती. पहिल्याच पानावर डोंगर, बर्फ आणि उंच टोकदार झाडं. प्रश्न पहिला: जंगलातील तीन वन्य प्राण्यांची नावे लिहा. प्रश्न दुसरा: वृक्षांमुळे परिसर थंड कसा झाला? म्हणजे परिसर थंड झालाच आहे, हे मुलांनी पाहायच्या आधीच ठरलेलं. मला शिसारी आली. मग आठवलं, मीही असंच लिहिते. मी ती सगळी पानं काढून टाकली आणि मुलांना कोरे कागद द्यायचं ठरवलं. शेवटचं पान तेवढं काकांनी हट्टानं ठेवायला लावलं. त्यावर तीन रकाने होते. लावतानाची उंची, आताची उंची, वाढ.

बस कुंपणापाशी थांबली तेव्हा पहिल्यांदा आला तो वास. संडासाच्या मागं मागच्या पौर्णिमेचे हार कुजत पडले होते, त्यात चहाचे कप, पत्रावळ्या, पाण्याची पाऊचं. मुलांनी नाकं दाबली. त्यांच्याबरोबर आलेले सर म्हणाले, “चला चला, तिकडं बघायचं नाही, आपण निसर्ग बघायला आलोय.”

समोर पिंजरे होते. निळ्या रंगाचे, ओळीनं, कवायतीला उभे केल्यासारखे. बहुतेक सगळ्यांत एक काडी आणि काडीला चार पानं.

मी मुलांना पिंजऱ्यांच्या पलीकडं, गवतात नेलं. सांगितलं, गोल बसा, पाच मिनिटं बोलू नका, जे जिवंत दिसेल ते लिहा.

“ताई, इथं काहीच नाही,” एक मुलगा म्हणाला.

“सगळं वाळलंय बे,” दुसरा.

तेवढ्यात विहारातले म्हातारे भन्ते हातातला झाडू ठेवून आले आणि मुलांच्या गोलात बसले. काही बोलले नाहीत, फक्त बोट वर केलं. एक मातकट, शेंडीवाला पक्षी गात गात सरळ वर चालला होता. वर जाऊन तो थरथरत थांबला आणि दगड टाकावा तसा खाली आला. “चंडोल,” भन्ते म्हणाले. “त्याचं घरटं जमिनीवर असतं. झाड लागत नाही त्याला.” मग मुलांना दिसायला लागलं. तरवडाची पिवळी फुलं. एक सरडा, गळ्याची पिशवी फुगवून दगडावर बसलेला. मुंग्यांनी बिळाभोवती रचलेलं गवताच्या तुसांचं बांगडीएवढं कडं. कुसळं मोज्यात घुसली म्हणून मुलं ओरडत होती, तर मी सगळ्यांना मोजे काढायला लावले आणि त्यातली कुसळं कागदावर वेगवेगळी मांडायला सांगितली. मोज्यांतून तीन जातींचं गवत निघालं. तो अर्धा तास मला बरं वाटलं होतं.

काका मोबाईल घेऊन आले. “गवतात काय बघताय? गवत कुठंही असतं. झाडांपाशी उभे राहा, फोटो येईल.”

“एक मिनिट काका, खड्डा चाललाय,” मी म्हटलं.

मुलं काठीनं खणत होती. वीतभर माती लागली, खाली पांढरट मुरूम. पुढं काठी जाईना. एका मुलानं बाटलीतलं पाणी गवताच्या मुळाशी ओतलं. ते गेलं. मग त्यानं तेवढंच पाणी एका रिकाम्या पिंजऱ्यातल्या खड्ड्यात ओतलं. तो खड्डा जेसीबीनं मुरूम फोडून केलेला. पाणी तिथंच राहिलं, ताटलीत राहावं तसं. मुलं बघत बसली.

“ताई, मग इथं पिंपळ कशाला लावला?”

काका हसले. “पिंपळ भिंतीतपण उगवतो, बाळा.”

“भिंतीतला कुणी लावलेला नसतो की,” तो म्हणाला.

सरांनी त्याला गप्प केलं. भन्ते उठून परत झाडायला गेले. त्यांचं ते न बोलणं मला त्या दिवशी फार थोर वाटलं होतं. आता सोयीचं वाटतं.

मग शेवटचं पान. ज्यांच्या घरचं झाड इथं होतं त्यांनी आपापल्या पिंजऱ्यापाशी जायचं, बाकीच्यांनी हवं ते निवडायचं. वर्गात एक मुलगी होती, सकाळपासून कंपासपेटी छातीशी धरून हिंडत होती. तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. पाळीवरच छातीत कळ येऊन गेले. त्यांचा पिंपळ तिसऱ्या ओळीत होता. ती तिथं गेली, बराच वेळ वाकून काहीतरी करत राहिली, आणि मला बोलवायला आली.

“ताई, झाड आखूड झालंय.”

“म्हणजे?”

तिनं कंपासपेटी उघडली. आत पेन्सिलीच्या तुकड्याला गुंडाळलेलं पांढरं सूत होतं, एका टोकाला गाठ. “पाठाचं सूत उरलं होतं. लावायच्या दिवशी आईनं त्यानं झाड मोजलं आणि शेंड्यापाशी तोडलं. म्हणाली, दर वर्षी धरून बघू, पप्पा किती वाढले ते. मग धरायचं राहूनच गेलं.”

आम्ही दोघींनी धरलं. मी गाठ मातीला टेकवली, तिनं सूत वर नेलं. सूत शेंड्याच्या वर गेलं. दीड वीत वर.

काका जवळ आले. “अगं, तू वाढलीस. दोन वर्षांत पोरं केवढी होतात. म्हणून झाड लहान दिसतंय तुला.”

“सूतपण वाढलं का काका?” तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारलं.

“सूत धुतलं की आटतं, वाढत नाही,” मागून एक मुलगा म्हणाला. “माझे पप्पा लूमवर आहेत.”

“शेळीनं शेंडा खाल्ला असेल मग,” काका म्हणाले.

“पिंजऱ्यात शेळी कशी जाणार बे,” कुणीतरी पुटपुटलं आणि मुलं हसली. ती हसली नाही. मी खोडापाशी माती उकरली. बोटाला काळं प्लॅस्टिक लागलं. रोपवाटिकेची पिशवी. रोप पिशवीसकट पुरलेलं होतं.

पाणी घालायला जवळच्या गावच्या एक मावशी कामाला असतात. मी त्यांना टाकीमागं गाठलं.

“मावशी, त्या पिंजऱ्यातलं हे कितवं झाड?”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. “तिसरं हाय. पयलं त्याच उन्हाळ्यात वाळलं. दुसरं पावसात कुजलं, खड्ड्यात पाणी साचतंय की.”

“मग?”

“मग काय. पौर्णिमेच्या आदी रोपांची गाडी येती. वाळलेलं दिसाय नगं म्हनत्यात. एका दिसात समदी बदलायची, पिशवी काडायला बी येळ न्हाय.”

“सगळीच बदलता?”

“कोपऱ्यातली दोन जगल्यात. तितं संडासाचं पाणी जातंय.”

मी तिथंच उभी राहिले. त्या ओळी, ते निळे पिंजरे, त्या पाट्या. लोक पौर्णिमेला येतात, पिंजऱ्याला हात लावतात, डोळे मिटतात. आणि आपण त्यांच्या पाठीमागं काड्या बदलतो, दुकानाच्या काचेतले बाहुले बदलावेत तशा. हे बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी त्याच दिवशी पत्रक काढलं असतं, पहिल्या वाक्यात टोचलं असतं. हे आमच्यातल्यांनी आमच्यातल्यांना केलेलं.

परत आले तर ती मुलगी पिंजऱ्यापाशीच बसलेली. मला म्हणाली, “आई टॉवेलच्या कारखान्यात आहे. सुट्टी मिळाली की पौर्णिमेला घरचं पाणी घेऊन येते. पप्पांना सगळं सांगते. मी शाळेत काय केलं, कुणाचं लग्न ठरलं. एकदा तिनं काकांना विचारलं होतं, लहान कसं दिसतंय. ते म्हणाले, छाटणी केलीय, जोमानं फुटेल.” मग थांबून, “ताई, हे दुसरंच झाड असेल तर आईला काय सांगू?”

मला उत्तर द्यायचं होतं. काकांनी त्याआधी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. “हा श्रद्धेचा प्रश्न आहे. त्या बाईला बिचारीला कशाला दुखवायचं? तिला समाधान मिळतंय ना? आणि हे बघा, लोक आले ते तुमच्याच पत्रकामुळं.”

बस. एवढ्यानं माझं तोंड बंद झालं. कलेक्टर कचेरीसमोर घसा फोडणारी मी, त्या मुलीजवळ जाऊन म्हणाले, “वाढीचा रकाना सध्या कोरा ठेव.” सध्या. हा शब्द मी दुसऱ्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलाय आणि किती वेळा त्यावर तुटून पडलेय.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग गुडघ्यावर कागद ठेवून सुबक अक्षरात लिहिलं. वाढ: वजा दीड वीत.

सरांनी कागद गोळा करताना ते वाचलं. “वजा वाढ नसते. खोड ते.” त्यांनी स्वतःचं खोडरबर पुढं केलं. तिनं ते घेतलं, हातात धरलं, आणि बस सुटेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

माघ पौर्णिमेला सभागृहात कृतिपत्रिका लागल्या. भिंतभर. ज्या मुलांना लावतानाची उंची ठाऊक नव्हती त्यांनी ती मनानं लिहिली होती, आताच्या उंचीपेक्षा कमी, म्हणजे वजाबाकी नीट यावी. त्या भिंतीवर प्रत्येक पिंपळ वाढलेला होता. मोज्यांतल्या गवताचे कागद, खड्ड्यातल्या पाण्याचं चित्र, चंडोल, सरडा, यातलं एकही लावलं नव्हतं. त्या मुलीचं पानही नव्हतं. तिची आई त्या दिवशी पाळीवर होती. काका पाहुण्यांना भिंत दाखवत होते, “मुलांनी स्वतः मोजलंय बरं.” मी खिरीची वाटी घेऊन खांबाला टेकले होते. खीर गोड होती. मी दोन वाट्या खाल्ल्या. त्याची किळस मला आजही येते, बाकी कशाहीपेक्षा जास्त.

पुढच्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, मागं यंत्रांचा खडखडाट.

“ताई, त्या निळ्या अक्षरांच्या कागदावर तुमचा नंबर हाय म्हणून लावला. माझी पोरगी सातवीत हाय. तिच्या सहलीच्या कागदावर सरांनी लाल पेनानं लिहिलंय, चूक, पुन्हा मोजा. तिनं धोशा लावलाय, रविवारी विहारात चल म्हणून. नक्की काय मोजायचंय?”

सरांना वाटलं होतं, लाल शेरा दिला की पोरगी घरी बसून आकडा दुरुस्त करेल. सगळे तेच करतात. तिनं शेरा वाचला आणि त्यात जे लिहिलं होतं तेच करायला निघाली.

मी फोनवरच सगळं सांगू शकले असते. “मी येते,” म्हणाले.

रविवारी दुपारी विहारात कुणी नव्हतं. भन्ते, मावशी आणि आम्ही तिघी. आई बारीक चणीची, केसांत सुताची पांढरी रोयं अडकलेली, हातात पाण्याची बाटली. मी पिंजऱ्यापाशी पोचायच्या आधीच बोलायला लागले, कारण पोचल्यावर बोलता आलं नसतं. तिसरं झाड, रोपांची गाडी, प्लॅस्टिकची पिशवी. छाटणी वगैरे काही नव्हतं. आणि पत्रक माझं होतं.

तिनं मधे एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून मावशींकडं वळली.

“पयलं कुटं टाकलंत?”

मावशींनी खाली पाहिलं.

“बोला की. मी लावलेलं. ते कुटं हाय?”

मावशी चालायला लागल्या, आम्ही मागून. संडासाच्या मागं, जिथं मुलांनी नाकं दाबली होती, तिथं. हारांच्या चिखलाखाली वाळलेल्या काड्यांचा ढीग होता, काहींना काळ्या पिशव्या तशाच. वरून कप, पत्रावळ्या. माश्या उठल्या. आईनं पदर नाकाला लावला आणि त्या ढिगाकडं पाहत राहिली. मला वाटलं ती एखादी काडी उचलेल. कुठली उचलणार? सगळ्या सारख्याच.

“असल्या घाणीत,” एवढंच म्हणाली.

भन्ते तिथवर आले होते. ती त्यांना वाकली नाही. म्हणाली, “भन्तेजी, तुमी तर रोज हितंच असता की.”

त्यांनी त्या ढिगाकडं पाहिलं. मग म्हणाले, “असतो. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.”

ती परत पिंजऱ्यापाशी आली. पाटी तारेनं बांधलेली होती. बोटांनी तार सुटेना, तेव्हा मावशींनी पक्कड आणून दिली. पाटी सुटली तशी तिनं ती पदरानं पुसली आणि पिशवीत घातली. काका असते तर काहीतरी मऊ बोलले असते. नव्हते, बरं झालं. तिनं बाटलीतलं पाणी त्या रोपाला घातलं. “त्याचं काय चुकलंय,” म्हणाली. मग मावशींचा विळा मागून घेतला आणि मातीत हात घालून ती काळी पिशवी कापून, ओढून काढली. पिशवी माझ्या हातात दिली. कुठं टाकू ते कळेना, म्हणून मी ती धरून राहिले.

“हं. आता मोज,” ती पोरीला म्हणाली. “सरांनी सांगितलंय ना.”

पोरीनं कंपासपेटी उघडली. आईनं वाकून गाठ मातीला टेकवली.

त्यानंतर काकांनी मला फोन केला. पत्रक पुन्हा छापायचंय, मजकूर तोच ठेवू, म्हणाले. मी म्हटलं, मजकूर तयार आहे, पण वेगळा आहे. त्या मुलीच्या पानाची झेरॉक्स मी तिच्या आईला विचारून ठेवून घेतलीय, ती त्यांना पाठवली. अजून उत्तर नाही. झेरॉक्समध्ये लाल शेरा काळा दिसतो. चूक, पुन्हा मोजा. त्याच्या खाली त्या मुलीचं सुबक अक्षर आहे: पुन्हा मोजलं. गाठ आईनं धरली होती. वजा दीड वीत.